‘रिआलपोलिटीक’ या जर्मन सामासिक शब्दाची उत्पत्ती व अर्थांतर : एक ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

‘रिआलपोलिटीक’ हा शब्द इतिहास व राज्यशास्त्राच्या अध्यापनात सर्रास वापरला जातो आणि तो बहुधा बिस्मार्कच्या नावाशी जोडला जातो. प्रत्यक्षात हा शब्द १८५३ साली ऑगस्ट लुडविग फोन रोखाऊ या उदारमतवादी जर्मन लेखकाच्या ग्रंथामुळे प्रचारात आला. १८४८ च्या क्रांतीच्या अपयशाची कारणमीमांसा करणे आणि उदारमतवादी ध्येये प्रत्यक्षात आणण्याचा मार्ग शोधणे, हा त्या ग्रंथाचा हेतू होता. पुढील वीस वर्षांत या शब्दाचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. प्रस्तुत शोधनिबंधात या शब्दाची घडण, त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी आणि त्याच्या अर्थांतराची प्रक्रिया यांचा परामर्श घेतला आहे.

बीजशब्द : रिआलपोलिटीक, रोखाऊ, १८४८ ची क्रांती, जर्मन उदारमतवाद, बिस्मार्क, सामासिक शब्द, अर्थांतर.

१. प्रस्तावना

जर्मन भाषेने जगाला अनेक सामासिक शब्द दिले. ‘त्साइटगाइस्ट’ म्हणजे युगमानस, ‘वेल्टआनशाउउंग’ म्हणजे विश्वदृष्टी, ‘कुल्टुरकाम्फ’ म्हणजे संस्कृतिसंघर्ष. हे शब्द इतर भाषांत भाषांतरित न होता जसेच्या तसे गेले. त्यांपैकी ‘रिआलपोलिटीक’ या शब्दाचे भाग्य सर्वात थोर आणि सर्वात दुर्दैवीही म्हणावे लागेल. थोर अशासाठी की, आज जगातील कोणत्याही वृत्तपत्राचा अग्रलेखकार हा शब्द सहज वापरतो. दुर्दैवी अशासाठी की, ज्याने तो प्रचारात आणला त्याचे नाव जवळजवळ कोणासही ठाऊक नाही आणि त्याला अभिप्रेत असलेला अर्थ तर त्याहूनही कमी जणांना ठाऊक आहे.

पदवी वर्गाच्या उत्तरपत्रिका तपासताना जर्मनीच्या एकीकरणावरील प्रश्नाच्या उत्तरात एक वाक्य हमखास आढळते. ते असे की, बिस्मार्कने रिआलपोलिटीकचे तत्त्व मांडले व त्याचा अर्थ ‘ध्येय साध्य करण्यासाठी कोणतेही साधन योग्य’ असा होतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आपण अध्यापकांनीच वर्गात हे वाक्य वर्षानुवर्षे सांगितले आहे; प्रस्तुत लेखकही त्यास अपवाद नाही. हे वाक्य दोन ठिकाणी चुकते. शब्दाचा कर्ता बिस्मार्क नव्हे आणि शब्दाचा मूळ अर्थही तो नव्हे. मात्र हा केवळ तपशिलाचा दोष असता तर त्यावर स्वतंत्र निबंध लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. या चुकीमुळे एकोणिसाव्या शतकातील एका मोठ्या पराभवाचा, आणि त्या पराभवातून शिकू पाहणाऱ्या एका पिढीचा इतिहास आपल्या अध्यापनातून गळून पडतो. म्हणून या शब्दाच्या मुळाशी जाणे आवश्यक वाटते.

२. अभ्यासाची उद्दिष्टे, गृहीतक व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) ‘रिआलपोलिटीक’ या शब्दाची भाषिक घडण स्पष्ट करणे.
२) हा शब्द ज्या ऐतिहासिक परिस्थितीत प्रचारात आला, तिचा शोध घेणे.
३) १८५३ ते पहिले महायुद्ध या काळात झालेल्या अर्थांतराची कारणे तपासणे.
४) या शब्दाच्या अध्यापनातील वापराबाबत काही निरीक्षणे नोंदविणे.

‘रिआलपोलिटीक’ ही संकल्पना मूलतः सत्तेच्या समर्थनासाठी नव्हे, तर सत्तेपासून दूर असलेल्या उदारमतवाद्यांच्या आत्मपरीक्षणासाठी मांडली गेली, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. शब्दाची घडण

जर्मन समासात अंतिम पद प्रधान असते. शब्दाचे लिंग, वचन व मूळ अर्थ शेवटच्या पदावरून ठरतो व आधीचे पद त्याला विशेषित करते. आपल्याकडील तत्पुरुष समासाशी ही रचना मिळतीजुळती आहे. तत्पुरुष, बहुव्रीही, द्वंद्व ही संस्कृत व्याकरणपरंपरेतील नावे युरोपीय भाषाशास्त्रानेही स्वीकारलेली असल्यामुळे ही तुलना ओढूनताणून केलेली आहे असे म्हणता येणार नाही.

‘रिआलपोलिटीक’ या शब्दात ‘रिआल’ आणि ‘पोलिटीक’ अशी दोन पदे आहेत. जर्मन म्हणून जगभर ओळखल्या जाणाऱ्या या शब्दातील एकही पद मूळचे जर्मन नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. ‘रिआल’ हे पद ‘वस्तू’ या अर्थाच्या ‘रेस’ या लॅटिन शब्दापासून मध्ययुगीन लॅटिनमार्गे आले. ‘पोलिटीक’ हे पद ग्रीक ‘पोलिस’ म्हणजे नगरराज्य या शब्दाच्या कुळातले असून ते फ्रेंचमार्गे जर्मनमध्ये रुळले. जर्मन आहे तो केवळ त्यांचा समास.

‘रिआल’ हे पूर्वपद असलेले समास रोखाऊच्या आधीही प्रचलित होते. सर्वात परिचित उदाहरण ‘रिआलशूल’ या शाळेचे होय. योहान युलिउस हेकर याने १७४७ साली बर्लिन येथे अशी शाळा स्थापन केली. लॅटिन व ग्रीक ग्रंथांच्या पठणापेक्षा गणित, निसर्गविज्ञान, व्यापार यांसारख्या व्यवहारोपयोगी विषयांना तेथे प्राधान्य होते. म्हणजे जर्मन सुशिक्षितांच्या कानाला ‘रिआल’ या पूर्वपदातून ‘शब्दांऐवजी वस्तू’ असा ध्वनी आधीपासून ऐकू येत होता. ‘रिआलपोलिटीक’ हा शब्द ऐकणाऱ्याला शब्दांच्या राजकारणाऐवजी वस्तूंचे राजकारण असे काहीतरी सुचणे स्वाभाविक होते.

परंतु येथेच या समासाची अडचण सुरू होते. मराठी व्याकरणात मध्यमपदलोपी समास आहे. ‘साखरभात’ म्हणजे साखर घालून केलेला भात. ‘घालून केलेला’ ही पदे समासात लुप्त होतात, पण ऐकणाऱ्याला ती ठाऊक असतात. ‘रिआलपोलिटीक’ हाही एका अर्थी असाच समास आहे. वास्तव आणि राजकारण यांच्यामधले पद त्यात सांगितलेले नाही. ‘वास्तव जाणून केलेले राजकारण’ असा विग्रह करता येतो आणि ‘वास्तवापुढे मान तुकवून केलेले राजकारण’ असाही करता येतो. पहिल्या विग्रहात वास्तव बदलण्याची आकांक्षा शिल्लक राहते, दुसऱ्यात ती संपते. या शब्दाचा पुढील शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे त्याच्या लुप्त मध्यमपदाविषयीचा वाद होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

४. रोखाऊ : व्यक्ती आणि काळ

ऑगस्ट लुडविग फोन रोखाऊ याचा जन्म १८१० सालचा. विद्यार्थिदशेतच तो उदारमतवादी व राष्ट्रवादी विद्यार्थी चळवळीत ओढला गेला. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर जर्मन प्रदेश अनेक लहानमोठ्या राज्यांत विभागलेला होता व या राज्यांचा संघ फ्रँकफुर्ट येथील संघसभेमार्फत चालत असे. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि विद्यापीठांवर पाळत होती.

३ एप्रिल १८३३ रोजी मुख्यतः विद्यार्थ्यांच्या एका गटाने फ्रँकफुर्ट शहरातील दोन पहारेचौक्यांवर हल्ला चढविला. संघाचा खजिना ताब्यात घ्यावा व त्यातून सर्व जर्मनीत उठावाची ठिणगी पडावी, अशी त्यांची कल्पना होती. कटाची बातमी आधीच फुटली होती. शहरातील जनता मदतीला येईल ही अपेक्षाही फोल ठरली आणि थोड्याच वेळात सैन्याने उठाव मोडून काढला. हल्लेखोरांमध्ये तेवीस वर्षांच्या आतला रोखाऊ होता. त्याला आजन्म कारावासाची शिक्षा झाली. १८३६ मध्ये तो तुरुंगातून निसटला आणि फ्रान्समध्ये आश्रयाला गेला.

पॅरिसमधील सुमारे दहा वर्षांच्या वास्तव्यात तो वृत्तपत्रीय लेखनावर जगला. फूरिए या फ्रेंच समाजवादी विचारवंताच्या सिद्धांताची चिकित्सा करणारे त्याचे पुस्तक १८४० साली टोपणनावाने प्रसिद्ध झाले. म्हणजे समाजातील वर्ग, संपत्ती व श्रम यांचा राज्यसंस्थेशी असलेला संबंध हा प्रश्न त्याच्यासमोर १८४८ पूर्वीच उभा होता.

१८४८ च्या मार्च महिन्यात जर्मन राज्यांत क्रांतीची लाट उसळली. १८ मे १८४८ रोजी फ्रँकफुर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये राष्ट्रीय संसद भरली. प्राध्यापक, न्यायाधीश, वकील, अधिकारी अशा सुशिक्षितांचा तिच्यात मोठा भरणा होता. या संसदेने मूलभूत हक्कांवर महिनोन्महिने चर्चा केली आणि २८ मार्च १८४९ रोजी एकसंध जर्मनीची राज्यघटना पूर्ण केली. प्रशियाचा राजा चौथा फ्रीडरिख विल्हेल्म याला सम्राटपद देऊ करण्यात आले. संसदेचे शिष्टमंडळ ३ एप्रिल १८४९ रोजी बर्लिनमध्ये त्याला भेटले आणि राजाने मुकुट स्वीकारण्यास नकार दर्शविला. पहारेचौक्यांवरील हल्ल्याला त्या दिवशी बरोबर सोळा वर्षे पूर्ण होत होती. संसदेपाशी सैन्य नव्हते, कर गोळा करणारी यंत्रणा नव्हती व स्वतःचे प्रशासनही नव्हते. राजांच्या हाती हे सर्व होते. काही महिन्यांत संसद विखुरली आणि १८५१ साली पुनरुज्जीवित संघसभेने मूलभूत हक्कही रद्द केले.

रोखाऊच्या पिढीने अशा प्रकारे दोन पराभव पाहिले. १८३३ चा पराभव शस्त्र हाती घेतलेल्या मूठभरांचा होता, तर १८४९ चा पराभव बहुमताने ठराव संमत करणाऱ्या संसदेचा होता. मार्ग परस्परविरोधी होते, परिणाम मात्र एकच. ‘आपली बाजू न्याय्य असूनही आपण का हरलो?’ हा प्रश्न ज्यांना टाळता येणे शक्य नव्हते, त्यांच्यापैकी रोखाऊ एक होता.

५. १८५३ चा ग्रंथ व शब्दाचा मूळ अर्थ

१८५३ साली श्टुटगार्ट येथे ‘रिआलपोलिटीकची मूलतत्त्वे, जर्मनीतील राज्यविषयक परिस्थितीला लागू करून’ अशा आशयाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर लेखकाचे नाव नव्हते. १८५९ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली.

ग्रंथातील पहिले प्रतिपादन सर्वपरिचित आहे. भौतिक जगात गुरुत्वाकर्षणाचे जे स्थान, तेच राज्यव्यवहारात बळाच्या नियमाचे स्थान होय, असे रोखाऊ सांगतो. कोणाला राज्य करण्याचा हक्क आहे, या प्रश्नाने राज्य चालत नाही. ज्याच्यापाशी बळ आहे तो राज्य करतो. आदर्श राज्यघटना कोणती, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे; समाजात कोणत्या शक्ती आहेत व त्यांचे परस्परांशी प्रमाण काय, हा राजकारणाचा प्रश्न आहे. एवढाच भाग वाचला तर रोखाऊ बळी तो कान पिळी या न्यायाचा पुरस्कर्ता वाटतो, आणि बहुतेकांनी एवढाच भाग वाचला.

परंतु ‘बळ’ म्हणजे काय, याचे त्याने दिलेले उत्तर महत्त्वाचे आहे. बळ म्हणजे केवळ फौज नव्हे. संपत्ती हे बळ आहे, शिक्षण हे बळ आहे, लोकमत हे बळ आहे आणि युगमानस हेही बळ आहे. एखादा विचार खरा आहे की खोटा, यावर त्याचे राजकीय सामर्थ्य अवलंबून नसते. तो किती लोकांनी, किती निष्ठेने धरला आहे यावर ते अवलंबून असते. लोकांच्या मनात रुजलेला चुकीचा समजही राजकारणात विचारात घ्यावा लागतो आणि रुजलेला योग्य विचार कोणत्याही राजाला कायम दाबून टाकता येत नाही.

या विवेचनामुळे ‘रिआलपोलिटीक’ हा शब्द दुधारी ठरतो. त्याची एक धार १८४८ च्या आदर्शवाद्यांवर चालते. आपले तत्त्व बरोबर आहे म्हणून ते आपोआप विजयी होईल, असे मानून त्यांनी हवेत मनोरे बांधले. दुसरी धार मात्र विजयी झालेल्या राजसत्तांवर चालते. उद्योगव्यापारात पुढे आलेला, शिकलेला व वृत्तपत्रे वाचणारा मध्यमवर्ग ही जर्मन समाजातील वाढती शक्ती आहे. राष्ट्रीय भावना ही दुसरी शक्ती आहे. समाजात प्रबळ असलेल्या शक्तींना राज्यव्यवस्थेत स्थान न देणारे राज्य स्वतःच दुर्बळ होते. तेव्हा १८५० च्या दशकातील दडपशाही ही केवळ अन्यायकारक नसून अवास्तवही आहे, असा रोखाऊचा निष्कर्ष निघतो. वास्तवाचे भान जसे बंडखोराला हवे, तसे ते राज्यकर्त्यालाही हवे.

‘राष्ट्रहेतू’ किंवा ‘राज्यहित’ या जुन्या संकल्पनेपासून रोखाऊची संकल्पना येथे वेगळी होते. जोव्हानी बोतेरो या इटालियन लेखकाच्या १५८९ मधील ग्रंथापासून युरोपात राज्यहितावर जे लेखन झाले, ते प्रामुख्याने राज्यकर्त्याला दिलेला सल्ला अशा स्वरूपाचे होते. रोखाऊ मात्र राज्यकर्त्याच्या खांद्यावरून पाहत नाही. तो समाजाकडून राज्याकडे पाहतो. त्याचे विवेचन प्रामुख्याने अंतर्गत राजकारणाविषयी आहे. आज हा शब्द मुख्यतः परराष्ट्र धोरणासाठी वापरला जातो, ही बाब त्याच्या अर्थांतराची पहिली खूण होय.

६. अर्थांतराची प्रक्रिया : १८५९ ते १८७३

१८५३ साली, म्हणजे हा ग्रंथ निघाला तेव्हा, बिस्मार्क फ्रँकफुर्टच्या संघसभेत प्रशियाचा प्रतिनिधी होता. रोखाऊ आणि बिस्मार्क हे राजकारणाच्या दोन विरुद्ध टोकांना होते. १८५९ मध्ये प्रशियाच्या नेतृत्वाखाली उदारमतवादी जर्मनी घडविण्याच्या उद्देशाने ‘राष्ट्रीय संघ’ स्थापन झाला व रोखाऊने त्याच्या साप्ताहिकाचे संपादन केले. सप्टेंबर १८६२ मध्ये सैन्यखर्चाच्या प्रश्नावर प्रशियाचा राजा व विधिमंडळ यांच्यात पेच निर्माण झाला असता बिस्मार्कची पंतप्रधानपदी नेमणूक झाली. ३० सप्टेंबर १८६२ रोजी विधिमंडळाच्या अर्थसंकल्प समितीसमोर त्याने ‘लोह आणि रक्त’ यांचा उल्लेख असलेले प्रसिद्ध भाषण केले. भाषणे व बहुमताचे ठराव यांनी काळाचे मोठे प्रश्न सुटत नाहीत आणि हीच १८४८-४९ ची चूक होती, असा त्याचा रोख होता. या नियुक्तीवर उदारमतवादी वृत्तपत्रांनी टीकेची झोड उठविली व रोखाऊचे साप्ताहिक त्यात मागे नव्हते.

येथे इतिहासाचा एक विलक्षण योग दिसतो. १८४८ च्या संसदेचे बिस्मार्कने केलेले निदान आणि रोखाऊचे निदान बरेचसे सारखे आहे. बळाविना ठराव व्यर्थ, हे दोघांनाही मान्य आहे. फरक उपचारात आहे. उदारमतवाद्यांनी आपले सामाजिक बळ ओळखून ते संघटित करावे, असे रोखाऊ म्हणतो. बळ आधीच ज्याच्या हाती आहे त्याने ते वापरावे, असे बिस्मार्क म्हणतो.

३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्सच्या लढाईत प्रशियाने ऑस्ट्रियाचा पराभव केला आणि त्यानंतर चित्र पालटले. बिस्मार्कने १८६२ पासून विधिमंडळाच्या मंजुरीविना केलेल्या खर्चाला पूर्वलक्षी मान्यता मागितली. ३ सप्टेंबर १८६६ रोजी हे विधेयक २३० विरुद्ध ७५ मतांनी संमत झाले. चार वर्षे ज्यांनी विरोध केला, त्यांच्यापैकी अनेकांनी अनुकूल मत दिले. त्याच वर्षी हेर्मान बाउमगार्टेन या इतिहासकाराचा जर्मन उदारमतवादाचे आत्मपरीक्षण करणारा दीर्घ लेख प्रसिद्ध झाला. विरोधात राहून शुद्ध राहण्यापेक्षा राज्यकारभारात सहभागी होण्यास उदारमतवाद्यांनी लायक झाले पाहिजे, असा त्याचा आशय होता. १८६७ साली बिस्मार्कला सहकार्य करणारा राष्ट्रीय उदारमतवादी पक्ष स्थापन झाला.

या सहकार्याचे समर्थन करण्यासाठी ‘रिआलपोलिटीक’ हा शब्द हाताशी होता. १८५३ मध्ये ‘वास्तव ओळखा’ याचा अर्थ ‘आपले बळ वाढवा’ असा होता. १८६६ नंतर तोच अर्थ ‘विजयी झालेल्यांशी जुळवून घ्या’ असा होऊ लागला. शब्द तोच राहिला, लुप्त मध्यमपद बदलले.

या बदलाची जबाबदारी केवळ बिस्मार्कवर किंवा इतरांवर टाकून रोखाऊला निर्दोष ठरविणे इतिहासाला धरून होणार नाही. १८६९ मध्ये हायडेलबर्ग येथून त्याने आपल्या ग्रंथाचा दुसरा भाग प्रसिद्ध केला. त्यात आदर्शांच्या सिद्धीपेक्षा ठोस, आटोक्यातील उद्दिष्टांवर दिलेला भर वाढलेला दिसतो. तो स्वतः राष्ट्रीय उदारमतवादी पक्षात होता आणि १८७१ मध्ये निवडून आलेल्या साम्राज्याच्या पहिल्या राइशटागचा सदस्य झाला. एकसंध जर्मनी हे त्याचे तरुणपणापासूनचे स्वप्न साकार झाले होते. मात्र ते ज्या मार्गाने साकार झाले, त्यात संसदेला जबाबदार असलेले सरकार नव्हते. १८७३ साली हायडेलबर्ग येथे त्याचे निधन झाले. आपल्या शब्दाची पुढील वाटचाल पाहण्यास तो उरला नाही.

७. शब्दाचा जगभर प्रसार

रोखाऊच्या ग्रंथाचा प्रभाव पडलेल्यांमध्ये हाइनरिख फोन ट्राइच्के हा इतिहासकार प्रमुख होता. तरुणपणी उदारमतवादी असलेला ट्राइच्के पुढे प्रशियाच्या सत्तेचा कट्टर समर्थक बनला. १८७४ पासून बर्लिन विद्यापीठात त्याची व्याख्याने गाजली आणि त्याच्या मृत्यूनंतर १८९७-९८ मध्ये ती ‘राजकारण’ या शीर्षकाने ग्रंथरूपात आली. राज्य म्हणजे सत्ता, या सूत्रावर त्यांचा भर होता. रोखाऊच्या विवेचनातील संपत्ती, शिक्षण, लोकमत ही बळाची रूपे येथे मागे पडली आणि सैन्यबळ पुढे आले. ‘माख्टपोलिटीक’ म्हणजे सत्तेचे राजकारण हा दुसरा समास आणि ‘रिआलपोलिटीक’ हे जणू पर्यायी शब्द बनले. १८९७ नंतर कैसर दुसरा विल्हेल्म याच्या राजवटीत ‘वेल्टपोलिटीक’ म्हणजे जागतिक राजकारण हा तिसरा समास त्यांना येऊन मिळाला.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश लेखकांनी जर्मन आक्रमकतेची वैचारिक मुळे शोधताना ट्राइच्केचे नाव वारंवार घेतले. इंग्रजी वाचकांपर्यंत ‘रिआलपोलिटीक’ हा शब्द प्रामुख्याने अशा वातावरणात पोहोचला. शत्रूची दुष्ट नीती, असा त्याला रंग होता. भारतातील विद्यापीठीय अभ्यासक्रम दीर्घकाळ इंग्रजी क्रमिक पुस्तकांवर आधारलेले होते, हे लक्षात घेता आपल्याकडे रूढ झालेला अर्थ बहुतांशी याच वाटेने आला असावा, असे अनुमान करता येते.

उदारमतवाद्यांनी प्रचारात आणलेला शब्द बिस्मार्कच्या खात्यावर जमा होण्याचे हे एकमेव उदाहरण नव्हे. ‘कुल्टुरकाम्फ’ हा शब्द रुडोल्फ फिर्खो या विख्यात रोगविकृतिशास्त्रज्ञाने व पुरोगामी पक्षाच्या नेत्याने १८७३ साली प्रशियाच्या विधिमंडळात वापरला व तो सर्वत्र रूढ झाला. आज कॅथलिक चर्चविरुद्धचा तो संघर्षही बिस्मार्कच्या एकट्याच्या नावावर आहे. सत्ताधारी पुरुषाभोवती इतिहास गुंफण्याची सवय शब्दांच्या इतिहासातही आपला परिणाम दाखविते.

८. विसावे शतक : दोन विग्रहांचा संघर्ष

विसाव्या शतकात या शब्दाभोवतीचा वाद अधिक सखोल झाला. जानेवारी १९१९ मध्ये म्युनिक येथे दिलेल्या ‘राजकारण : एक जीवितकार्य’ या व्याख्यानात माक्स वेबर यांनी अंतःश्रद्धेची नीती व उत्तरदायित्वाची नीती असा भेद केला. केवळ हेतूच्या शुद्धतेवर समाधान मानणारा आणि आपल्या कृतीच्या परिणामांची जबाबदारी घेणारा, असे हे दोन पुढारी आहेत. १८४८ च्या पिढीपुढील प्रश्नच येथे नव्या भाषेत उभा राहतो. १९२४ मध्ये फ्रीडरिख माइनेके यांनी राज्यहिताच्या कल्पनेचा इतिहास लिहिला. सत्ता आणि नीती यांतील ताण हा त्यांचा विषय होता आणि महायुद्धातील पराभवाची छाया त्या ग्रंथावर आहे. पुढे ई. एच. कार यांचा १९३९ चा आणि हान्स मॉर्गेनथाऊ यांचा १९४८ चा ग्रंथ यांतून आंतरराष्ट्रीय संबंधांतील वास्तववादी विचारपंथ आकारास आला. मॉर्गेनथाऊ व हेन्री किसिंजर हे दोघेही जर्मनीत जन्मलेले व नाझी राजवटीमुळे अमेरिकेत आलेले ज्यू होते. १९७० च्या दशकात किसिंजर यांच्या परराष्ट्र धोरणामुळे ‘रिआलपोलिटीक’ हा शब्द वृत्तपत्रांत पुन्हा सर्वतोमुखी झाला.

त्याच दशकात जर्मन भूमीवर घडलेले एक उदाहरण मात्र रोखाऊच्या मूळ अर्थाच्या अधिक जवळ जाते. जुलै १९६३ मध्ये टुट्झिंग येथील भाषणात एगोन बार यांनी ‘जवळिकीतून परिवर्तन’ हे सूत्र मांडले. १९६९ साली पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर झालेल्या विली ब्रांट यांनी त्यावर आधारलेले ‘ओस्टपोलिटीक’ म्हणजे पूर्वविषयक धोरण राबविले. १९७० मध्ये मॉस्को व वॉर्सा येथे आणि १९७२ मध्ये पूर्व जर्मनीशी करार झाले. युद्धोत्तर सीमांची वस्तुस्थिती त्यांत मान्य करण्यात आली. वास्तवापुढे ही शरणागती आहे, अशी टीका झाली. परंतु वस्तुस्थिती बदलायची असेल तर ती प्रथम मान्य केली पाहिजे, हा त्यामागील विचार होता. १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. तिच्या पतनाची कारणे अनेक आहेत व त्याचे सर्व श्रेय या धोरणाला देता येणार नाही. तरीही ‘वास्तव जाणून केलेले राजकारण’ आणि ‘वास्तवापुढे झुकलेले राजकारण’ यांतील भेद समजावून देण्यासाठी हे उदाहरण उपयुक्त आहे.

रोखाऊच्या ग्रंथाचे पुनर्मुद्रण १९७२ साली हान्स-उलरिख वेलर या इतिहासकाराच्या संपादनाखाली झाले आणि २०१६ साली जॉन ब्यू यांनी या संकल्पनेचा सविस्तर इतिहास इंग्रजीत मांडला. त्यामुळे आता तरी मूळ अर्थाकडे दुर्लक्ष करण्यास सबब उरलेली नाही.

९. भारतीय संदर्भ

आपल्याकडे कौटिल्याला ‘रिआलपोलिटीकचा आद्य प्रवर्तक’ म्हणण्याची पद्धत आहे. आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली म्हैसूर येथून अर्थशास्त्राची संहिता प्रसिद्ध केल्यावर युरोपीय विद्वानांचे लक्ष तिच्याकडे वेधले गेले. वर उल्लेखिलेल्या १९१९ च्या व्याख्यानात वेबर यांनीच अर्थशास्त्राचा दाखला दिला असून त्याच्या तुलनेत मॅकियाव्हेलीचा ‘प्रिन्स’ निरुपद्रवी वाटतो, अशा आशयाचे विधान केले आहे. ही तुलना रोचक असली तरी तिला मर्यादा आहेत. कौटिल्य विजिगीषू राजाला उद्देशून लिहितो. रोखाऊ हरलेल्या नागरिकांना उद्देशून लिहितो. मुंबई विद्यापीठामार्फत १९६० ते १९६५ या काळात प्रसिद्ध झालेल्या रा. प्र. कंगले यांच्या चिकित्सक आवृत्तीमुळे व अभ्यासामुळे अर्थशास्त्राचा विचार त्याच्या स्वतःच्या परिभाषेत करणे आपल्याला शक्य आहे. एका काळाचा शब्द दुसऱ्या काळावर लादताना दोहोंचेही विशेष झाकले जातात.

१०. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ‘रिआलपोलिटीक’ हा शब्द १८५३ साली रोखाऊ याच्या ग्रंथातून प्रचारात आला. त्याचा कर्ता बिस्मार्क नव्हे.
२) १८४८ च्या क्रांतीचे अपयश हे या शब्दाचे जन्मस्थान आहे. पराभूत उदारमतवाद्यांना आपले सामाजिक बळ ओळखण्यास शिकविणे हा त्याचा मूळ हेतू होता.
३) मूळ संकल्पनेत संपत्ती, शिक्षण, लोकमत व युगमानस यांचा बळामध्ये समावेश होता. तो वगळला गेल्यामुळे ‘रिआलपोलिटीक’ व ‘माख्टपोलिटीक’ यांतील सीमारेषा पुसली गेली.
४) हे अर्थांतर बाहेरून लादलेले नव्हते. १८६६ नंतरच्या उदारमतवाद्यांच्या तडजोडीत, आणि काही अंशी रोखाऊच्या उत्तरकालीन लेखनातही, त्याची बीजे आहेत.
५) मराठीत ‘वास्तववादी राजकारण’ हा प्रतिशब्द वापरताना ‘वास्तवाचे भान राखून केलेले राजकारण’ असा विग्रह विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितला पाहिजे.

एखादा अध्यापक यावर म्हणेल की, परीक्षेत दोन गुणांसाठी विचारल्या जाणाऱ्या एका शब्दाचा एवढा ऊहापोह कशाला? त्याचे उत्तर असे की, तत्त्वांना तिलांजली देताना ‘हेच वास्तव आहे’ असे म्हणण्याची सोय या शब्दाने अनेकांना करून दिली आहे. आपल्या वर्गातील विद्यार्थीही पुढे ते वाक्य अनेकदा ऐकणार आहेत. ज्या माणसाने हा शब्द प्रचारात आणला, तो तेवीस वर्षांच्या आत तुरुंगात गेला होता, त्याने दहा वर्षे परदेशात आश्रित म्हणून काढली होती आणि दोनदा हरूनही आपली ध्येये त्याने टाकून दिली नव्हती, एवढे तरी त्यांना ठाऊक असावे. वास्तव ओळखणे म्हणजे हार पत्करणे नव्हे, हे सांगण्यासाठीच तो शब्द प्रथम लिहिला गेला होता.